दुःख देव देतो काय? ख्रिस्ती श्रद्धेचा एक परिचय

गेल्या वर्षावासात आपल्या विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालू असताना ईश्वरावरील श्रद्धेचा भाग आला. वाचन आटोपल्यावर चर्चेत एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याने उभे राहून सांगितले की, ख्रिस्ती लोकांचा सारा धर्मच देवावर उभा आहे. तेव्हा त्यांच्या मते आजार, अपघात, दुष्काळ हे सर्व देवाच्याच घरून येते. कोणी हरकत घेतली नाही. आम्हीही घेतली नाही, कारण आमचीही समजूत तीच होती.

पुढे महिन्याभरातच आमच्या बँकेतील एका जुन्या ख्रिस्ती सहकाऱ्यांचा तरुण मुलगा जळगाव-धुळे रस्त्यावर, पारोळ्याच्या अलीकडे मोटारसायकलच्या अपघातात गेला. आमचे हे सहकारी तसे समितीच्या जवळचे. आपल्या कित्येक मुलांचे शैक्षणिक कर्जाचे अर्ज त्यांनी स्वतः बसून भरून दिलेले आहेत. आम्ही भेटायला गेलो तेव्हा तो विद्यार्थीही सोबत होता. मयत मुलगा त्याच्याच वर्गातला. बसलो असता नात्यातील एक गृहस्थ हलक्या आवाजात म्हणाले, “देवाची इच्छा. आपण काय करणार?” त्यावर आमचा विद्यार्थी एकदम बोलून गेला, “मग तुमचा देव खुनीच म्हणायचा!”

खोलीत कोणी काही बोलेना. आम्हाला मान वर करवेना. निघताना ते सहकारी दारापर्यंत आले आणि त्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “बाळा, तू जे बोललास ते मी पहिल्या रात्रीच बोललो आहे. पण आपल्या दोघांच्याही आधी ईयोब बोलला आहे. ते पुस्तक वाच, मग ये.” मग आमच्याकडे वळून म्हणाले, “भाऊ, तुम्हीही वाचा.”

आम्ही बी.ए.ला मराठी घेतलेले, बँकेत कारकून. धर्मशास्त्राचा आमचा अधिकार नाही. तथापि त्या दिवशीची लाज मनात होती म्हणून वाचायला बसलो. जे वाचले त्यातून समजले ते येथे सांगतो.

हा प्रश्न आपल्या समाजाला परका नाही, हे आधी सांगितले पाहिजे. आपल्या आजा-पणजांना गावकुसाबाहेर का राहावे लागते, याचे उत्तर ठरलेले होते: मागच्या जन्मीचे पाप. ज्याने अन्याय केला तो त्यात कोठेच नव्हता. दोष सारा भोगणाऱ्याचा. त्यामुळे ‘दुःख कोठून येते’ या प्रश्नाच्या उत्तरावर माणूस उठून उभा राहतो की खाली मान घालून बसतो हे ठरते, याचा अनुभव आपल्याइतका कोणाला असणार?

बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली, त्यानंतर त्यांनी ख्रिस्ती धर्माचीही बारकाईने तपासणी केली. धर्मांतरित ख्रिस्ती अस्पृश्यांच्या स्थितीवर त्यांनी लिहिलेला मजकूर त्यांच्या हयातीत छापला गेला नाही. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी लेखन व भाषणांच्या पाचव्या खंडात तो आता वाचायला मिळतो. त्यातील एक आक्षेप थेट आपल्या विषयाचा आहे. त्याचा आशय असा: मिशनरी अस्पृश्याला सांगतो की माणसाची अधोगती त्याच्या मूळ पापामुळे झाली. त्यामुळे आपली अवस्था भोवतालच्या अन्यायी समाजरचनेमुळे झाली आहे हे त्याला उमगत नाही. हिंदू असताना तो कर्मामुळे पडला होता, ख्रिस्ती झाल्यावर पूर्वजाच्या पापामुळे पडला. सुटका दोन्हीकडे नाही. हा आक्षेप मनात ठेवूनच आम्ही बायबल उघडले.

बायबल हा एकच ग्रंथ नाही. कित्येक शतकांत, वेगवेगळ्या हातांनी लिहिलेल्या पुस्तकांचा तो संग्रह आहे आणि दुःखाविषयी त्यात एकच मत नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात देव सृष्टी घडवतो आणि ती चांगली आहे असे म्हणतो; दुःख त्यात नसते. पहिल्या माणसांनी आज्ञा मोडल्यावर बाळंतकळा, काटेकुसळे आणि घामाची भाकर आली. यालाच पुढे मूळ पापाच्या शिकवणीचे रूप मिळाले. यशया व आमोस या संदेष्ट्यांच्या पुस्तकांत, शांती आणि अरिष्ट दोन्ही देवच करतो, नगरावर संकट आले तर ते त्याच्याकडूनच, अशा अर्थाची वचने आहेत. आमच्या विद्यार्थ्याचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते ते यामुळे. पण त्याच जुन्या करारात विलापगीताचा कर्ता म्हणतो की, माणसाला पीडा देणे देवाच्या मनात नसते. नव्या करारात याकोबाच्या पत्राप्रमाणे देव कोणालाही वाईटाचा मोह घालत नाही, तर इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राप्रमाणे बाप मुलाला शिस्त लावतो तसा देव माणसाला शिस्त लावतो. या सर्वांचा मेळ कसा घालायचा यावर ख्रिस्ती विद्वान दोन हजार वर्षे वाद घालीत आहेत.

आता ईयोबाकडे येऊ. खरे म्हणजे एवढे एकच पुस्तक वाचले तरी पुष्कळ कळते. ईयोब हा सज्जन माणूस. सैतान देवाला म्हणतो की, हा तुला मानतो तो फायद्यासाठी. देव सैतानाला ईयोबाची परीक्षा पाहण्याची मोकळीक देतो. गुरेढोरे जातात, दहाही मुले घर कोसळून मरतात, अंगभर फोड येतात. मुले गेल्यावर ईयोब म्हणतो की, देणाराही परमेश्वर आणि नेणाराही तोच. ख्रिस्ती अंत्यविधीत ऐकू येणारे वचन ते हेच. परंतु हे पुस्तकाच्या आरंभी आहे. त्यापुढे चाळीस अध्याय आहेत, आणि त्यांत हाच सोशिक ईयोब आपल्या जन्मदिवसाला शिव्याशाप देतो आणि देवाकडे जाब मागतो.

त्याला भेटायला तीन मित्र येतात. सात दिवस, सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसतात आणि एक शब्द बोलत नाहीत. नंतर बोलू लागतात ते असे: देव न्यायी आहे; तुला दुःख झाले त्या अर्थी तू काही तरी पाप केले असशील; कबूल कर. वाचता वाचता आम्ही थबकलो. ही भाषा आम्ही ऐकलेली होती. फक्त मित्र या जन्मीचे पाप म्हणत होते, आमच्याकडे मागच्या जन्मीचे म्हणत. ईयोब शेवटपर्यंत कबूल करीत नाही. अखेर वावटळीतून देव बोलतो. तो दुःखाचे कारण सांगतच नाही. पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कोठे होतास, असे उलट प्रश्न विचारतो. हे उत्तर आम्हाला पटले नाही, हे प्रांजळपणे नमूद करतो. पण त्यानंतर देव त्या तीन मित्रांना सांगतो की, तुम्ही माझ्याविषयी खरे बोलला नाहीत, ईयोब बोलला. म्हणजे ‘तुझ्या पापामुळेच तुला भोगावे लागले’ असे म्हणणारे खोटे ठरतात आणि जाब मागणारा खरा ठरतो.

शेवटी ईयोबाला सर्व परत मिळते. येथे आमच्यातला कारकून जागा झाला आणि आम्ही जमाखर्च मांडला. सात हजार मेंढ्यांच्या चौदा हजार झाल्या, तीन हजार उंटांचे सहा हजार, पाचशे बैलजोड्यांच्या हजार, पाचशे गाढवींच्याही हजार. सर्व दुप्पट. मुले मात्र आधी सात मुलगे व तीन मुली होत्या, नंतरही सात मुलगे व तीन मुलीच. आम्ही हे त्या सहकाऱ्यांना दाखवले. ते बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिले. म्हणाले, “गेलेल्यांची भरपाई लिहिणाऱ्यालाही मांडता आली नाही.”

नव्या करारात येशूची भूमिका याहून स्पष्ट आहे. योहानाच्या शुभवर्तमानात एक जन्मांध मनुष्य भेटतो. शिष्य विचारतात, पाप कोणाचे? याचे की आईबापाचे? येशू दोन्ही नाकारतो, देवाचे कार्य याच्या ठायी दिसावे असे म्हणतो आणि त्याला दृष्टी देतो. लूकच्या शुभवर्तमानात शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेल्याचा उल्लेख आहे. ती माणसे यरुशलेमेतील इतरांपेक्षा अधिक पापी होती असे समजू नका, असे येशू बजावतो. मात्र ऐकणाऱ्यांनी स्वतः पश्चात्ताप करावा असेही लगेच जोडतो. लाजर या मित्राच्या कबरीपाशी तो स्वतः रडतो. अटकेच्या रात्री, हे दुःख टळावे अशी प्रार्थना करतो आणि वधस्तंभावर, देवाने मला का टाकले, असा आक्रोश करतो. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे येशू हा देवाचा पुत्र. म्हणून पुष्कळ ख्रिस्ती असे मानतात की, देव दुःख वर बसून पाठवत नाही, तो स्वतः त्यात उतरतो.

आमच्या विद्यार्थ्याचा यावर प्रश्न तयारच होता: “ते ठीक आहे काका, पण सैतानाला परवानगी कोणी दिली?” प्रश्न बिनतोड आहे. बँकेत कर्ज बुडाले की तपासनीस रक्कम कोणी दिली एवढेच विचारून थांबत नाहीत. मंजुरीवर सही कोणाची, हे पाहतात. ख्रिस्ती विद्वानांनीही ही सही पाहिलेली आहे. संत ऑगस्टीन (३५४ ते ४३०) यांचे म्हणणे, वाईट ही देवाने निर्मिलेली वस्तूच नाही. अंधार म्हणजे जसा प्रकाशाचा अभाव, तसा तो चांगल्याचा अभाव, आणि माणसाला दिलेल्या स्वातंत्र्याच्या गैरवापराने तो येतो. तेराव्या शतकातील थॉमस अक्वायनस यांच्या मते देव वाईट इच्छीत नाही, पण त्यातून अधिक चांगले घडवण्यासाठी ते घडू देतो. उलट सोळाव्या शतकातील जॉन कॅल्व्हिन यांना ‘इच्छा’ आणि ‘परवानगी’ हा भेद ही पळवाट वाटली. देवाच्या इच्छेबाहेर काहीच घडत नाही असे ते सरळ म्हणतात. म्हणजे आमचा विद्यार्थी आणि कॅल्व्हिन या एका मुद्द्यावर एका बाकावर बसतात. मात्र कॅल्व्हिन देवाला पापाचा कर्ता म्हणत नाहीत. पोप जॉन पॉल दुसरे यांनी फेब्रुवारी १९८४ मध्ये मानवी दुःखाच्या अर्थावर एक दीर्घ पत्र काढले. तत्पूर्वी तीनच वर्षे, १३ मे १९८१ रोजी, त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. त्या पत्रातही ईयोबाचा आधार घेऊन, प्रत्येक दुःख ही शिक्षा नव्हे, असे म्हटले आहे.

माणसाच्या स्वातंत्र्याचे उत्तर भूकंपाला मात्र लागू पडत नाही. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लोक चर्चमध्ये जमले असताना लिस्बन शहर भूकंपाने पडले आणि युरोपातील विचारवंत हादरले. व्हॉल्टेअरने देवाच्या व्यवस्थेवर कडाडून टीका केली ती त्यानंतरच. आपल्याकडे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशीच अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक झोपले होते. आम्ही तेव्हा शाळेत होतो. मोठी माणसे तेव्हाही कोणाच्या तरी पापाविषयी बोलत. वास्तविक हजारो माणसे दबली ती दगडमातीच्या जाड भिंतींखाली आणि धाब्याच्या जड छपरांखाली.

विद्वानांचे वाद पुरे झाले. आपल्या मराठी मुलखात ज्यांनी हा धर्म पत्करला, त्यांनी दुःखाचे काय केले हे पाहणे आम्हाला अधिक महत्त्वाचे वाटते. पंडिता रमाबाईंचे (१८५८ ते १९२२) उदाहरण घ्या. दुष्काळात आईवडील व बहीण गेली. तीर्थयात्रा, दानधर्म, देवांची आराधना सर्व करून झाले होते; अन्न मात्र मिळाले नव्हते. पुढे भाऊ गेला, १८८२ मध्ये पती गेले. १८८३ मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर दुःख थांबले असे नाही. कन्या मनोरमा १९२१ मध्ये त्यांच्याआधी वारली. पण १८९६ नंतरच्या आणि १९०० च्या दुष्काळांत रमाबाई, हा दुष्काळ कोणी पाठवला या चर्चेत बसून राहिल्या नाहीत. मध्य प्रांतातून, गुजरातेतून त्यांनी निराधार मुली-बाया शोधून आणल्या, केडगावला मुक्ती सदनात ठेवल्या, त्यांना हाताला काम शिकवले. उपाशी मुलगी हे देवाने केलेले शासन आहे असे त्यांनी खरोखर मानले असते, तर तिला उचलून आणणे म्हणजे शासनात अडथळा झाला असता. मिरजेला डॉ. वॉन्लेस यांनी काढलेले रुग्णालय घ्या किंवा आपल्या खान्देशातले, नवापूर तालुक्यातील चिंचपाड्याचे ख्रिस्ती रुग्णालय घ्या; आजार देवाची भेट असती तर हे लोक औषध घेऊन रानावनात कशाला गेले असते?

खान्देशातल्या वाचकांना येथे बालकवींची आठवण होईल. धरणगावचे त्र्यंबक बापूजी ठोमरे यांना १९०७ मध्ये जळगावच्या कविसंमेलनात ‘बालकवी’ ही पदवी मिळाली. ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक यांनी या मुलाला नगरला आपल्या घरी मुलासारखे ठेवले. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त हे ठोमरे भेटतात. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून ते गेले. वय अवघे सत्तावीस. भुसावळकडे जाताना भादली आले की आमच्या मनात दर वेळी येते: येथे कोणाची इच्छा होती?

आता बाबासाहेबांच्या आक्षेपाकडे परत वळतो. मूळ पाप ही शिकवण साऱ्या मानवजातीविषयी आहे. राजा आणि झाडूवाला दोघेही तिच्यात सारखेच येतात. अमुक जातीचे पाप अधिक असे ती म्हणत नाही. कर्मविपाकाच्या हिंदू शिकवणीशी तिचा हा फरक आहे आणि तो प्रामाणिकपणे मान्य केला पाहिजे. परंतु अन्यायाने पिचलेल्या माणसाला ‘तूही पापीच आहेस, क्षमा माग’ एवढेच सांगितले आणि अन्याय करणाऱ्याचे नाव घेतले नाही, तर परिणाम बाबासाहेबांनी सांगितला तोच होतो. हे पुढे ख्रिस्ती विचारवंतांनाही जाणवले. अरविंद निर्मळ यांनी १९८१ मध्ये बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजातील भाषणातून, भारतातील ख्रिस्ती धर्मशास्त्र दलितांच्या अनुभवातून नव्याने मांडले पाहिजे असा विचार मांडला आणि त्यातून दलित ख्रिस्ती धर्मशास्त्राची शाखा उभी राहिली. देव स्वतः सेवकाच्या, तुडवल्या गेलेल्याच्या बाजूचा आहे, असे ते म्हणतात. चर्चमधली जात त्यामुळे संपली काय? नाही संपली, आमचे सहकारीच सांगतात.

भगवान बुद्धांनी या प्रश्नाचे काय केले, हे आपल्या विद्यार्थ्यांनी मुळातून वाचावे. अंगुत्तर निकायाच्या तिक निपातात त्यांनी तीन मते नाकारली आहेत: सर्व सुखदुःख पूर्वकर्माने होते हे, सर्व ईश्वराने निर्मिले हे, आणि सर्व विनाकारण होते हेही. कारण एकच दिले की, या तिन्हींपैकी कोणतेही धरले तर काय करावे व काय करू नये याचा प्रयत्नच उरत नाही. संयुत्त निकायात सीवकाला ते वेदनांची आठ कारणे सांगतात. त्यांत पित्त, कफ, वात, ऋतुबदल, आघात आहेत, आणि कर्म हे आठांतले केवळ एक. आपल्यापैकी किती जण घरात मरण झाले की अजूनही ‘नशिबाचा भोग’ म्हणतात? २०२१ च्या उन्हाळ्यात करोनाने गेलेल्यांच्या खात्यांचे अर्ज आमच्या टेबलावर दररोज येत. काउंटरवर हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती येत, आणि जय भीम घालणारेही येत. “देवनी मर्जी, भाऊ,” हे वाक्य आम्ही सर्वांच्याच तोंडून ऐकले. तेव्हा ख्रिस्ती माणसाच्या ओसरीवर जाऊन त्याच्या देवाचा झाडा घेण्याआधी हेही ध्यानात असलेले बरे.

आम्ही ईश्वर मानीत नाही. देवाने परवानगी दिली असेल तर सहीची जबाबदारी टळत नाही, हे आमचे मत बायबल वाचूनही बदललेले नाही. सहकाऱ्यांना तसे सांगितले. ते म्हणाले, “मलाही सही दिसते, भाऊ. माझे भांडण चालू आहे. पण भांडायला कोणी तरी आहे, एवढ्यावर माझी रात्र निघते.” मुलाच्या मरणाला ते आजही देवाची इच्छा म्हणत नाहीत. समोरच्या ट्रकला दिवे नव्हते, असे म्हणतात, आणि त्या रस्त्यावरील बिनदिव्यांच्या वाहनांबद्दल त्यांनी दिलेल्या अर्जावर आपल्या समितीच्या सभासदांच्याही सह्या आहेत.

विद्यार्थी मित्रांसाठी एक सूचना. जुन्या बायबलची मराठी जड वाटत असेल तर वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ वाचावे. त्याला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळालेला आहे. आमचा तो विद्यार्थी सध्या ईयोब वाचतो आहे. प्रत त्याच सहकाऱ्यांनी दिली. वाचायला बोलावले तेव्हा तो म्हणाला, मी आधी काय बोलू? ते म्हणाले, “काही बोलू नको. त्या मित्रांचे पहिले सात दिवस बरोबर होते.” आता तो दर रविवारी संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन बसतो. मयत मुलाची वर्गातली टिपणे परत करायची राहिली होती, ती त्याने पहिल्याच रविवारी नेऊन दिली.